मापाचा बार आणि तोलाचा बार

वस्तू बदलते आणि तिचे नाव मात्र तेच राहते, हा भाषेच्या इतिहासातील नित्याचा प्रकार होय. बहुधा त्यात कोणाचे नुकसान होत नाही. परंतु छऱ्यांची काडतुसे घरी पुन्हा भरण्याचा जो छंद पाश्चात्त्य देशांत रूढ आहे, त्याच्या इतिहासात जुन्या शब्दाने नव्या वस्तूवर केलेल्या राज्याची किंमत माणसांनी बोटे आणि डोळे गमावून मोजली आहे. प्रस्तुत टिपणात त्या इतिहासाचा विचार भाषाभ्यासकाच्या दृष्टीने करावयाचा आहे.

प्रारंभ शहागंजापासून करणे सोयीचे होईल. फारसीत ‘गंज’ म्हणजे साठा, खजिना. हिंदुस्थानात त्याला धान्याची पेठ असा अर्थ आला. अशा पेठांतून पूर्वी धान्य पायलीने आणि शेराने दिले जाई. त्यातील ‘शेर’ हा शब्द दुहेरी होता. एक मापी शेर, दुसरा वजनी शेर. मापी शेरभर ज्वारी आणि मापी शेरभर पोहे यांचे वजन एक नव्हे, हे पेठेतील पोरासही ठाऊक असे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धती आली आणि हे द्वैत व्यवहारातून हळूहळू गेले. बंदुकीच्या दारूच्या बाबतीत नेमके हेच द्वैत घातक ठरले.

‘दारू’ हाही फारसी शब्द. मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अद्याप जिवंत आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण ते बंदुकीचे औषध झाले. ठासणीच्या बंदुकीत ही काळी दारू मापाने ओतीत, वर बुच देऊन छरे घालीत आणि गजाने ठाशीत. काळी दारू थोडी अधिकउणी झाली तरी ती बहुधा सांभाळून घेई. इ. स. १७१६ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी दारूखान्याविषयी लेखी नियम घालून दिले आहेत: तो घरांजवळ नसावा, दारूस सर्दी पोहोचू नये, ठरावीक दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे. सुरक्षिततेचा नियम तोंडी न ठेवता लिहून ठेवावा, ही जाणीव आपल्याकडे तेव्हाच होती. तथापि तेथील कटाक्ष साठवणीवर आहे. बार किती भरावा, हे ज्ञान हाताच्या सवयीत राहिले.

‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आला, आणि त्याच्या मुळाशी कागदाची गुंडाळी हा अर्थ आहे. आधीच मोजलेली दारू कागदात बांधून ठेवणे, ही यातील मूळ कल्पना. म्हणजे काडतूस हे एका अर्थी निश्चित केलेले मापच होय. एकोणिसाव्या शतकात मागून भरावयाच्या बंदुका आल्या, आणि उडालेल्या काडतुसाची नळी पुन्हा भरता येऊ लागली. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. बारा बोअरच्या काडतुसांवरील ‘के. एफ.’ ही अक्षरे त्याचीच. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेली खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, ती निराळी. एका नावाची दोन गावे ओळखण्यास संदर्भ पुरतो; एका नावाच्या दोन दारू ओळखण्यास तो पुरला नाही.

१८६४ मध्ये शुल्ट्स याने, १८८४ मध्ये व्हिएय याने आणि १८८७ मध्ये नोबेल याने बिनधुराच्या दारूचे निरनिराळे प्रकार सिद्ध केले. यांतील काही हलक्या दारू मुद्दाम अशा केलेल्या असत की, जुनेच माप भरून त्या वापरता याव्यात. तीन ड्रॅमच्या मापात काळी दारू सुमारे ८२ ग्रेन बसे, तर ही सुमारे ४२ ग्रेन. नोबेलची दारू मात्र घन होती. तिचे माप भरणे म्हणजे नळी फोडण्याची सिद्धता करणे होय. पुढे काडतुसांच्या खोक्यांवर ‘समतुल्य ड्रॅम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याचा अर्थ इतकाच की, तितक्या काळ्या दारूने छऱ्यांना जो वेग येई तो या काडतुसाने येतो. प्रत्यक्षात आजच्या अनेक दारूंचे वजन त्या ८२ ग्रेनांच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असते. ‘समतुल्य’ हे विशेषण गाळून ‘ड्रॅम’ तेवढा वाचणारा मनुष्य चौपट बार भरतो.

या गोंधळावर उतारा म्हणून छापील भरणतक्ते आले. दारूचे उत्पादक चाचणीच्या नळीत दाब मोजून ते प्रसिद्ध करतात. अमेरिकेत १९२६ मध्ये स्थापन झालेल्या उत्पादकांच्या संस्थेने पावणेतीन इंची बारा बोअरसाठी सरासरी दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचास ११,५०० पौंड अशी ठरविली आहे. तक्त्यातील ओळीत नळी, टोपी, दारू, बुच आणि छऱ्यांचे वजन अशी पाच पदे असतात. ती ओळ म्हणजे एक वाक्य आहे. त्यातील एक पद बदलले की वाक्याचा अर्थ बदलतो. दारू तीच ठेवून केवळ टोपी किंवा बुच बदलले, तरी दाब धोक्याच्या रेषेपलीकडे जाऊ शकतो. शिवाय छऱ्यांच्या काडतुसावर वाढत्या दाबाची विश्वसनीय खूण उमटत नाही. पहिली सूचना बहुधा नळी फुटल्याचीच. म्हणून येथे अनुभवाने शिकण्यास वाव नाही. पाठ शुद्ध हवा, आवृत्ती ताजी हवी आणि पदे जशीच्या तशी हवीत. पाठचिकित्सा करणाऱ्यास ही शिस्त परिचित आहे.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे, आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेची केंद्रीय कचेरी नागपुरास आहे. तरीही कोकणात शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या परवानाधारक बंदुका आहेत, आणि तेथे ‘दारू’ हा एकच शब्द आहे. ‘ठासून भरणे’ ही आपल्या भाषेत प्रशंसा आहे. काळ्या दारूच्या काळात ती शोभली. परिभाषा रचताना काळी दारू आणि बिनधुराची दारू, मापाचा बार आणि तोलाचा बार, हे भेद नावातच उघड राहतील असे पाहणे अगत्याचे आहे. परिभाषेतील ढिलाई एरवी केवळ आळस ठरते. येथे तिचे मोल दुसरा कोणी हाताने चुकवतो.