विचारणारं कुणी हवं

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो मांडणारी माणसं माझ्याच घरातली आहेत आणि त्यांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे. त्यांचं म्हणणं असं: देव आणि भक्त यांच्यात तिसऱ्याचं काम नाही. श्रद्धा डळमळली तर नाम वाढवावं, पोथी सोडू नये, वारी चुकवू नये. मन आपसूक ठिकाणावर येतं. फी भरून अनोळखी माणसापुढे देवाचं गाऱ्हाणं मांडायचं, हे परमुलखातलं खूळ. तुकोबा कुठल्या समुपदेशकाकडे गेले होते?

हा शेवटचा प्रश्न बिनतोड वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, गावातली पत गेली, थोरली बायको अन्नावाचून गेली. ही हकीकत आपल्याला कळते ती बऱ्याच अंशी त्यांच्याच आत्मचरित्रपर अभंगातून. त्याची सुरुवात लक्ष देऊन वाचावी. हे बोलण्यासारखं नाही, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून तुमचा शब्द पाळतो, असा तिचा आशय आहे. मग दुष्काळ येतो, बायकोचं मरण येतं, लाज येते, जिवाचा त्रास येतो. एकट्यानं सोसणारे तुकोबा आपण ज्या अभंगाच्या आधारे उभे करतो, तो अभंगच कुणीतरी विचारलं म्हणून बोलला गेला आहे. भंडाऱ्यावरचा एकांत खराच. पण जिजाई भाकरी घेऊन तो डोंगर चढत होती, हेही परंपराच सांगते. ज्ञानोबांनी ताटी लावून घेतली तेव्हा मुक्ताई बाहेर उभी राहून ती उघडेपर्यंत बोलत राहिली. ताटीमागे अपमानाचं दुःख होतं, देवाविषयीची शंका नव्हती, असं कुणी म्हणेल. मान्य. पण दुखावलेल्या मनात या दोन गोष्टींचे कप्पे वेगळे नसतात, हे ज्यानं घरातलं माणूस गमावलं आहे त्याला ठाऊक असतं.

निखळ शंकेचंच उदाहरण हवं असेल तर कोलकात्याला जावं लागेल. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये पुस्तकरूपानं आली. ती नष्ट व्हावीत अशी त्यांची इच्छा होती. १९४८ मध्ये लोरेटोचा मठ सोडून त्या गरिबांच्या वस्तीत गेल्या, आणि काम उभं राहू लागलं त्याच सुमारास देव आतून नाहीसा झाला. प्रार्थना चालू होती, ती ऐकणारं कुणी जाणवत नव्हतं. मधला थोडा काळ वगळता हा अंधार अखेरपर्यंत टिकला. पूर्वपक्षाचा उपाय या बाईनं किती केला असेल, याचा विचार करा: पहाटेची उपासना, व्रतं, दिवसभराची सेवा. काही उणं नव्हतं, तरी अंधार हटला नाही.

१९६१ च्या सुमारास त्यांनी हे जोसेफ नॉयनर या जेझुइट फादरांपाशी उघड केलं. नॉयनर मूळचे ऑस्ट्रियाचे, पण पुण्यात धर्मशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेले. साधना कमी पडते आहे, असं ते म्हणाले नाहीत. यावर माणसाच्या हातात इलाज नाही, यात तुमचा दोष नाही, आणि देवाची इतकी तहान लागणं हीच त्याच्या असण्याची खूण आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्यानंतर तेरेसांनी त्यांना कळवलं, की अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना हा अंधार प्रिय वाटू लागला आहे. अंधार तोच राहिला, त्यात राहणं बदललं. समुपदेशनाकडून मी एवढंच मागतो.

नॉयनर तर धर्मगुरूच होते, मग आपणही आपल्या महाराजांकडे जावं, असा पुढचा आक्षेप येईल. ऐकून घेणारे महाराज भेटले तर जरूर जावं. पण ज्याच्यापाशी शंका न्यायची, तोच बहुधा श्रद्धेचा राखणदार असतो. सुनेची शंका सासऱ्यांच्या गुरूंपाशी गेली की संध्याकाळपर्यंत ती घरी परतते. समुपदेशकाला बाहेर बोलायचं नसतं, आणि तुम्ही आस्तिक राहावं की नास्तिक व्हावं, यात त्याचा स्वार्थ नसतो.

विवेकवादी मित्रांचा आक्षेप उलट्या बाजूचा: श्रद्धा सुटली तर सुटू द्या, त्यात सावरायचं काय? त्यांना अल्बर्ट एलिसची आठवण करून देतो. १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी करणारा हा पक्का नास्तिक धर्मनिष्ठेला मनोविकाराच्या पंक्तीला बसवत असे. उतारवयात त्यानं मत बदललं आणि आपली पद्धती भाविकांसाठीही वापरता येते, असं लिहिलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९४ च्या निदानसूचीत श्रद्धा गमावण्याची किंवा तिच्याविषयी शंका येण्याची वेदना नोंदवली, ती मनोविकारांच्या यादीबाहेर, मदत देण्याजोगी अडचण म्हणून. तेव्हा समुपदेशक शंकेला आजार ठरवतात, ही भीतीही निराधार आहे. झोप उडाली, अन्न जाईना, जीव नकोसा झाला, तर मात्र तो प्रश्न श्रद्धेपुरता उरत नाही. मनोविकारतज्ज्ञ गाठावा, आणि रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक लावावा.

समुपदेशक चुकीचाही भेटतो. मला पहिला भेटला त्यानं दुसऱ्याच भेटीत एक स्तोत्र लिहून दिलं. मी पुन्हा गेलो नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ गेला. त्या वर्षी करोनामुळे संतांच्या पादुकाही एसटीनं पंढरपूरला गेल्या. आमच्या घरात तीन पिढ्यांची तुळशीची माळ. मी ती आषाढीच्या दिवशी काढली. काकांनी बोलणं सोडलं, आई रोज रडायची, आणि भावाचं नाव घरात कुणी काढेना. वर्षभरानं ज्या बाईंकडे गेलो त्यांनी देवाचा विषय काढलाच नाही. माळ काढून कुठे ठेवलीत, असं विचारलं. भावाच्या कपाटात, म्हणालो. तिथेच का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर सापडायला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत मी भावाविषयी जितकं बोललो तितकं त्याच्या दहाव्यालाही बोललो नव्हतो.

यंदा आळंदीहून पुण्यापर्यंत चाललो. काका बरोबर होते. दिघीपाशी त्यांनी विचारलं, माळ कुठे आहे रे? मी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली.