दादांचं फ्रान्सचं इंजिन

मंडळी, आमचे थोरले दादा म्हणायचे, "आपल्या जीपले फ्रान्सचं इंजिन हाये!" अंजनगावात सारे हसायचे. मीही हसलो. जीप महिंद्राची, त्यात फ्रान्स कुठून आलं?

परवा पुतण्या ती भंगारात द्यायला निघाला. मिस्त्रीने इंजिन पुसलं. स्पार्क प्लग नाहीत, हीटर प्लग; म्हणजे डिझेल. पट्टीवर अक्षरं उमटली : एक्सडीपी ४.९०.

मी पडलो मास्तर, आकड्यांपाशी थांबलो. ४ म्हणजे सिलिंडर. ९० म्हणजे प्रत्येकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. स्ट्रोक ८३. गुणाकार केला, २११२ सीसी! फ्रान्सच्या प्युजोचंच हे इंजिन. १९७९ मध्ये महिंद्राने ते बनवण्याचा परवाना घेतला होता.

दादा खरंच सांगत होते. आता कबूल करायला ते नाहीत. जीप मात्र दारातच आहे.