‘रिसोर्स’ म्हणजे पुन्हा वर येणारं

आजच्या गप्पा एका शब्दाच्या. पाण्यावरच्या कुठल्याही सरकारी बैठकीला गेलो, की ‘रिसोर्स’ हा शब्द आपल्या कानावर पडतोच. मराठीत त्याला आपण ‘साधनसंपत्ती’ म्हणतो. साधन म्हणजे वापरायची वस्तू, संपत्ती म्हणजे मालकीची. पण मूळ शब्द असा नव्हता.

लॅटिनमध्ये ‘सुर्गेरे’ म्हणजे वर येणं, उसळणं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘पुन्हा उठणं’ या अर्थाचं क्रियापद आलं आणि सतराव्या शतकात ‘रिसोर्स’ इंग्रजीत पोचला. नदीच्या उगमाला इंग्रजीत ‘सोर्स’ म्हणतात, तोही याच कुळातला. म्हणजे ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, तसा हा झऱ्याच्या गोत्रातला शब्द. इंग्रजीत आधी त्याचा अर्थ होता अडचणीत कामी येणारा आधार. अठराव्या शतकात तो देशाच्या संपत्तीसाठी वापरू लागले. मग नदी, रान, खाण सगळं त्यात मोजलं जाऊ लागलं, आणि ‘पुन्हा’ मागे पडलं.

आपल्या जिल्ह्यात दारणा धरण 1916 साली पूर्ण झालं. नांदूरमध्यमेश्वरहून कालव्यांनी पाणी कोपरगावकडे गेलं. शेती फुलली, हे खरंच. पण पाणी तेव्हापासून खात्याच्या वहीत गेलं.

त्याआधीची रीत बागलाण-कळवणच्या आजींना विचारा. मोसम, गिरणेवर फड पद्धत होती. गावाने बंधारा बांधायचा, जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाटकरी पाणी सोडणार, जागले राखण करणार. पाणी कमी असेल, तर एखादा फड कोरडा ठेवायचा. तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. अर्थात, ज्यांना जमीनच नाही त्यांना या वाटपात जागा नव्हती, हेही विसरायला नको.

पुढे 2005 साली राज्यात जलसंपत्ती नियमनाचा कायदा आला. समन्यायी वाटपाची भाषा त्यात आहे, पण नावात ‘संपत्ती’च. आणि इगतपुरी, त्र्यंबक, पेठला एवढा पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात हंडा बाईच्याच डोक्यावर असतो.

म्हणून ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला, की आपण दोन प्रश्न विचारू या. किती उपसायचं, हा एक. आणि पुन्हा वर यायला जमिनीत किती मुरवायचं, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत नव्या बोअरच्या ठरावावर सही करायची घाई नको.