नळीवरचा राघू

मराठी माणसाने पोपटाला दिलेली नावे पाहिली, तर त्यांत पक्ष्यापेक्षा माणूसच अधिक दिसतो. राघू, विठू, मिठू. पहिली दोन नावे आपण त्याच्याकडून ज्या देवांचा घोष करून घेतो त्यांची. तिसरे त्याच्या गोड बोलण्याचे. कावळ्याला आपण त्याच्या स्वतःच्या आवाजावरून ओळखतो, पोपटाला मात्र आपण शिकवलेल्या आवाजावरून. आणि एवढे करून अर्थशून्य पाठांतराला नाव कोणते दिले, तर 'पोपटपंची'. प्रस्तुत लेखात आम्हांला पाहायचे आहे ते असे: पिंजऱ्यातल्या शुकाकडे आपल्या वाङ्मयपरंपरेने कसे पाहिले, आणि ज्याचे बहुतेक आयुष्य बंदिवासात गेले अशा, सुटका होऊन परक्या जागी आलेल्या, वयस्कर पोपटाला रुळवताना त्या परंपरेतून काही हाती लागते का.

हा प्रश्न आम्ही घोडेगावातून विचारतो, याला कारण आहे. नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे हे गाव जनावरांच्या बाजारासाठी ओळखले जाते. शनिशिंगणापूरला जाणारी वाटही इथूनच फुटते. गावाचा तालुका नेवासे. तेथेच ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, गीतेवरील टीका सांगितली अशी परंपरा आहे. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो खांब आजही तेथे आहे, आणि दुर्गा भागवतांच्या 'पैस'मुळे तो मराठी वाचकाच्या मनातही उभा आहे. पोपटाविषयीचा आपल्या भाषेतला सर्वांत प्रसिद्ध दृष्टान्त याच ग्रंथात, सहाव्या अध्यायात, येतो. तो शुकनलिकेचा.

दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. पारधी दोरीत एक नळी ओवून टांगतो. राघू तिच्यावर बसतो. त्याच्या भाराने नळी फिरते आणि तो उलटा लोंबकळतो. नळी सोडली की उडता येईल, हे त्याला कळत नाही. आपण बांधले गेलो आहोत या समजुतीने तो ती अधिकच घट्ट धरतो. आत्माच आपला बंधू आणि आत्माच आपला वैरी, या गीतावचनाच्या संदर्भात हे चित्र येते. बंधन बाहेर नाही, समजुतीत आहे, हा त्याचा रोख.

साधकाच्या बाबतीत हा रोख अचूक आहे. पण दृष्टान्त वर्गाबाहेर नेऊन त्याचा शब्दशः अर्थ लावला, की पक्ष्यावर अन्याय होतो. म्हाताऱ्या पोपटाच्या पिंजऱ्याचे दार उघडून 'जा, तू मोकळा आहेस' असे म्हणणारी माणसे आपल्या पाहण्यात असतात. हेतू उदात्त असतो. परिणाम बहुधा मृत्यू. नळीवरच्या राघूचे पंख शाबूत होते, तो कालपर्यंत रानात उडत होता. पंधरा-वीस वर्षे पिंजऱ्यात काढलेल्या पक्ष्याच्या छातीचे स्नायू क्षीण झालेले असतात, पिसे कापलेली वा झडलेली असतात. थव्याची भाषा, शिकाऱ्याचे भय, अन्नाच्या जागा यांतले तो काही शिकलेलाच नसतो. त्याची पकड हा भ्रम नाही. ते त्याच्या आयुष्याने घडवलेले शरीर आहे. अशा पक्ष्याला मुक्तीपेक्षा आधी घर लागते.

घर म्हणजे कोणते, हे कायद्याने सांगितले आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने देशी पोपटांना संरक्षण दिले. 1990-91 पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. आणि 2022 च्या दुरुस्तीने आपला नेहमीचा, गळ्यात कंठी असलेला पोपट दुसऱ्या अनुसूचीत गेला. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. त्यामुळे असा राघू कितीही प्रेमाने घरी ठेवला तरी तो गुन्हाच ठरतो. सापडलेला वा कोणी आणून दिलेला देशी पोपट वनविभागाच्या स्वाधीन करावा. त्याचे नवे घर म्हणजे मान्यताप्राप्त उपचार केंद्रातले प्रशस्त दालन. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव यांसारख्या परदेशी पोपटांची गोष्ट वेगळी. त्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर करून त्यांना घरी ठेवता येते. अशा पक्ष्यांचे आयुष्य कित्येकदा मालकाहून मोठे असते. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षे सहज जगतो, म्हणजे त्याच्या उतारवयात घर बदलण्याची वेळ येणे जवळजवळ अटळच.

दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच. नव्या जागी आलेल्या या वृद्धाचे स्वागत कसे करायचे?

परंपरेचे नेहमीचे उत्तर आहे: त्याला बोलते करा. 'शुकसप्तती'तला शुक रात्रीमागून रात्र गोष्टी सांगून प्रभावतीला घराबाहेर जाण्यापासून थोपवतो. मराठीत त्याचीच 'शुकबहात्तरी' झाली, फार्सीत 'तुतीनामा'. मंडनमिश्रांच्या दारातले शुक प्रामाण्यवादावर चर्चा करत, अशी आख्यायिका आहे. घराची राखण करणारा शुक स्वतः त्याच घरात कैदी आहे, याकडे मात्र गोष्ट सांगणाऱ्याचे लक्ष जात नाही.

एका ठिकाणी मात्र ते गेले आहे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'कादंबरी'त. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने आपल्या एका मोठ्या वाङ्मयप्रकाराला नाव दिले, त्याचा पहिला निवेदक हा एक सुटका झालेला पोपट आहे, याचे आमच्या विद्यार्थ्यांना नेहमी नवल वाटते. विंध्यारण्यातल्या शाल्मलीवर एक म्हातारा शबर चढतो आणि घरट्यांतली पिल्ले मारतो. वैशंपायनाचा वृद्ध पिता त्याला पंखाखाली घेऊन मरतो. तहानेने व्याकुळ झालेल्या पिल्लाला हारीत नावाचा मुनिकुमार पाणी पाजतो आणि जाबालींच्या आश्रमात नेतो. पुढे एक चांडाळकन्या त्याला सोन्याच्या पिंजऱ्यातून शूद्रक राजाच्या सभेत आणते. पक्षी विद्वान आहे, राजाची स्तुती करणारी आर्या म्हणून दाखवतो. सभा थक्क होते. राजाला त्याची कथा ऐकायची आहे. तरीही तो तेव्हाच विचारत नाही. त्याला आत नेऊन खाऊपिऊ घालण्याची, विसावा देण्याची व्यवस्था करतो. स्वतःचे स्नान-भोजन आटोपल्यावर त्याला बोलावतो आणि पहिला प्रश्न करतो तो जेवणाचा: आत काही आवडीचे खायला मिळाले का? शुक जांभळाच्या रसाचे, डाळिंबाच्या दाण्यांचे वर्णन करतो. त्यानंतरच राजा विचारतो, तू कोण, कुठला, पिंजऱ्यात कसा आलास.

आधी अन्न, मग विसावा, मग प्रश्न. पक्षिवैद्य आज जो क्रम सांगतात, तो याहून फारसा वेगळा नाही. नव्या जागी पोपटाचा पिंजरा एका बाजूने भिंतीला टेकलेला असावा, म्हणजे पाठीमागून कोणी येणार नाही याची त्याला खात्री राहते. शक्यतो जुनाच पिंजरा, निदान जुनी बसायची काठी सोबत यावी. दहा-बारा तासांची अंधारी, शांत झोप मिळावी. पहिले काही दिवस आहार पूर्वीचाच ठेवावा, तो वाईट असला तरी. फळे, भाज्या, भिजवलेली कडधान्ये हळूहळू त्यात मिसळावीत, कारण अनोळखी अन्नापुढे हा पक्षी उपाशी राहतो आणि उपास त्याला सोसत नाही. स्वयंपाकघरापासून त्याला दूर ठेवावे. न चिकटणारे तवे तापून निघणारा वायू पक्ष्यांना मारक असतो. हात पुढे करण्याची घाई नको. तो चावला तर ओरडू नये, तो आपले अंतर सांगतो आहे. पिसे उपटू लागला तर ते खोड्याळपण समजू नये. आधी वैद्याकडे न्यावे, मग एकाकीपणाचा विचार करावा.

घोडेगावच्या बाजारातून म्हैस नेणाऱ्या शेतकऱ्याला यातले काही नवे वाटणार नाही. नव्या गोठ्यात म्हैस पान्हा चोरते. शहाणा शेतकरी तिला मारत नाही. ओळखीची वैरण घालतो, धार काढणारा हात रोज बदलत नाही, चार दिवस वाट पाहतो. पोपटाच्या बाबतीत चोरला जातो तो आवाज. बोलका म्हणून आणलेला पक्षी महिनोन्‌महिने गप्प बसतो, आणि घरची मंडळी 'विठू विठू'चा धोशा लावून त्याला आणखी घाबरवतात.

कधी तो बोलतोही, पण भलतेच. आधीच्या घरातली हाक, कुणाचा तरी खोकला, आता नसलेल्या माणसाचे नाव. 1800 साली ओरिनोको नदीच्या खोऱ्यात फिरताना हुम्बोल्टला मायपुरेस येथे एक म्हातारा पोपट दाखवण्यात आला. त्याचे बोलणे कोणालाच कळत नसे. कारण, स्थानिक लोकांच्या म्हणण्याप्रमाणे, तो आतुरे या नामशेष झालेल्या जमातीची भाषा बोलत होता. ही कथा सहसा भाषेच्या मृत्यूची म्हणून सांगितली जाते. आम्हांला ती त्या पक्ष्याचीही वाटते. ज्यांच्यात तो वाढला ते गेले, आणि नव्या वस्तीत त्याच्या हाकेला ओ देणारे कोणी उरले नाही.

अशा पक्ष्याची जुनी बोली पुसून तिथे आपली भरण्याचा मोह होतो. शिकवणे हा आमचा व्यवसाय असल्याने तो आम्हांला चांगला ओळखीचा आहे. रवींद्रनाथांच्या 1918 च्या 'तोताकाहिनी'तला, पोथ्यांची पाने कोंबून मारलेला पोपट आम्ही विसरू शकत नाही. वयस्कर पोपट नव्या घरी नवे शब्द शिकतोही. पण ती रुळल्याची खूण नव्हे. खुणा साध्या असतात: तो माणसांसमोर खातो, एक पाय पोटाशी घेऊन झोपतो, चोच एकमेकीवर घासत कुरकुर आवाज करतो, पिसे साफ करत बसतो. यांपैकी एकही गोष्ट त्याला कोणी शिकवलेली नसते.