पाटी कोणासाठी?

वृद्धाश्रमांचा इतिहास सांगू लागले म्हणजे दात्यांची नावे, इमारती आणि खाटांची संख्या पुढे येते. त्या इमारतींतील दारांवरच्या पाट्यांकडे कोणी पाहत नाही. आम्हांस मात्र तो विषय लहान वाटत नाही. कारण ज्याची स्मृती ढळली आहे, अशा माणसाची अब्रू पुष्कळदा त्या पाटीवरच अवलंबून असते.

‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने आपल्याकडे हा विचार पिढ्यान्‌पिढ्या मिटवून टाकला. म्हातारचळ म्हटले की पुढे बोलणे नाही. जर्मन वैद्य आल्त्सहायमर यांनी १९०६ साली एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील विकृती विद्वानांपुढे मांडली. तरीही म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश हा वयाचा धर्म नसून रोग आहे, हे सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक दशके लागली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने भारतातील साठीपुढच्या शंभरांत ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना हा रोग असल्याचा अंदाज दिला. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळले, हे बारामती-इंदापूरकडील श्रोत्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

शासनाने काही केले नाही असे नव्हे. महाराष्ट्रात १९६३ साली वृद्धाश्रमांची योजना निघाली. १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम आले. २००७ च्या केंद्रीय कायद्याने जिल्ह्यागणिक निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम अपेक्षिला. त्याखालच्या नमुना नियमांत माणशी ७.५ चौरस मीटर निजण्याची जागा, आधाराचे कठडे, पुरेसे संडास अशी मापे घातली. ही मापे हवीतच. परंतु संडास आहे की नाही हे मोजता येते. तो रात्री दोन वाजता म्हातारीला सापडतो की नाही, हे फूटपट्टी सांगत नाही. न सापडल्यास अंथरूण ओले होते, आणि दोष रोगाच्या माथी मारला जातो.

अमेरिकेतील ओहायो राज्यात अशा रुग्णांच्या एका निवासात याचा अभ्यास झाला व तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. संडास डोळ्यांना दिसेल असा ठेवला तेव्हा त्याचा वापर पुष्कळ वाढला. पाट्यांमध्ये सभ्य, आडवळणी शब्दापेक्षा रोजचा साधा शब्द आणि जमिनीवरचे बाण उपयोगी पडले.

साधा शब्द! येथेच आमचे दुखणे आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि कारभार मराठीत आला, ही अभिमानाची गोष्ट होय. पण त्याच काळात पाट्यांवर ‘प्रसाधनगृह’, ‘स्वच्छतागृह’ असे शब्द चढले. जन्मभर ‘परसाकडे’ म्हणणाऱ्या आणि शाळेचा उंबरठा न चढलेल्या इंदापूरच्या आजींना त्यांतून काय उमगणार? हा रोग बहुधा अलीकडचे आधी नेतो. जुने पुष्कळ काळ उरते. ज्यांचे गाव १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले, त्यांतील कोणी आज भ्रमात घरची वाट विचारील, तर ती बुडालेल्या पळसदेवाची असेल, नव्या वसाहतीची नव्हे.

निरक्षराला वाट दाखविण्याची विद्या आपणांस नवी नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शंभरांत जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तिच्यावर चिन्ह लावले, आणि कोट्यवधी लोकांनी बैलजोडी नाहीतर झोपडी ओळखून मत दिले. ज्या देशाने चित्रावर लोकशाही उभी केली, त्याला एक दार ओळखीचे करता येऊ नये काय?

खर्च फारसा नाही. पाटी भिंतीवर नव्हे, दारावरच लावावी. वाकलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, फिक्या रंगावर गडद अक्षरांत. शब्द ‘संडास’ हाच. शेजारी ठसठशीत चित्र आणि रात्री दिवा. खोलीच्या दारावर क्रमांकाबरोबर त्या व्यक्तीच्या ओळखीची खूण असावी: कोणाला तुळशीवृंदावन, कोणाला बैलगाडी.

आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने पाट्या स्वतः वाचून समाधान मानू नये. आश्रमातील एखाद्या आजोबांना ‘चला, तुमची खोली दाखवा’ असे म्हणून त्यांच्या मागून चालावे. दर्जाची ती परीक्षा नियमांत लिहिली जावी, एवढीच आमची मागणी आहे.