यकृताचा कठीणपणा : बोट, सुई आणि लाट

पितळी भांड्याला कल्हई का करतात, हा प्रश्न रसायनाच्या तासाला आपण नेहमी विचारतो आणि ताक, चिंच, आमसूल यांची उदाहरणे देऊन संपवतो. या प्रश्नाचे आणखी एक उत्तर आहे. ते पुण्यात मिळाले.

गेल्या शतकात आपल्याकडे एक ते तीन वर्षांच्या मुलांना 'बालयकृत' हा विकार होत असे. मूल किरकिरे होई, पोट फुगे, पुढे कावीळ होऊन बहुतेक मुले दगावत. यकृताच्या पेशी मरून त्यांच्या जागी तंतू वाढत, म्हणजे यकृतावर व्रण पडत. निदानाचे पहिले साधन डॉक्टरांची बोटे. बरगडीखाली यकृताची टणक, धारदार कड हाताला लागे. खात्रीसाठी मात्र सुईने यकृताचा बारीकसा तुकडा काढावा लागे. आजारी यकृत रक्त गोठवणारी प्रथिने पुरेशी बनवत नाही. त्यामुळे ज्यांना तपासणीची गरज जास्त, त्यांनाच सुईचा धोकाही जास्त!

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या विकाराचा अभ्यास केला. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात साधारणपणे ५० मायक्रोग्रॅमहून कमी तांबे असते. या मुलांत ते हजाराच्या घरात निघाले. ते आले कोठून? १९८३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी संभाव्य कारण मांडले : तान्हेपणीच सुरू केलेले वरचे दूध आणि ते ठेवण्याची तांब्यापितळेची भांडी. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. भांडी बदलली, स्टील आले आणि विकार जवळजवळ नाहीसा झाला. पेनिसिलामाइन या औषधाने शरीरातील तांबे बाहेर काढता येते, पण ते लवकर सुरू केले तरच मूल वाचण्याची आशा. म्हणून व्रण वेळीच ओळखणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

मोठ्या माणसांत तो आजही आहे. दारू, कावीळ 'ब' व 'क', यकृतात साठणारी चरबी यांमुळे वर्षानुवर्षे गुपचूप व्रण वाढतात. सुईचा तुकडा यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढाच असतो. शेजारचा भाग कसा आहे, हे तो सांगत नाही.

२००३ च्या सुमारास फ्रान्समधील लॉराँ सांद्राँ व सहकाऱ्यांनी 'फायब्रोस्कॅन'चे तंत्र मांडले. बरगड्यांच्या मधल्या जागेवर हलकी टिचकी बसते, ५० हर्ट्झची लाट यकृतात शिरते आणि श्राव्यातीत ध्वनी तिचा वेग मोजतो. पदार्थ जितका ताठर, तितकी लाट वेगवान. काठिण्य वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते : वेग सेकंदाला १ मीटर असेल तर सुमारे ३ किलोपास्कल, २ मीटर असेल तर १२. निरोगी यकृत साधारण ५ च्या आसपास असते. जेवणानंतर किंवा यकृताला सूज असताना आकडा फुगतो, म्हणून तपासणी उपाशीपोटी करतात.

२००६ साली आलेल्या 'फिब-४' सूत्राला तर यंत्रही लागत नाही. वय, रक्तातील बिंबिका आणि यकृताची दोन विकरे एवढ्यावर ते चालते. व्रणांमुळे प्लीहा वाढते आणि बिंबिका तेथे अडकून पडतात, हे त्यामागचे एक कारण. मुलांसाठी मात्र हे सूत्र नाही.

वर्गात एक दोरी सैल आणि नंतर ताणून धरून तिला टिचकी मारावी. लाटेचा वेग का बदलला, हे मुलांना विचारावे. कल्हईचा धडाही मग पुन्हा काढता येईल.