खाऱ्या वाऱ्यातला सेट

अलिबागची वेधशाळा १९०४ साली तिथे आली ती मुंबईच्या विजेला भिऊन. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तोवर मुंबईत कुलाब्याला होत असत. शहरातल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर जाणार हे नक्की झालं, तेव्हा त्या प्रवाहाने नाजूक उपकरणांच्या सुया भरकटतील हे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. समुद्रापलीकडे अलिबागला जागा घेतली. इमारतीला पोरबंदरचा दगड पारखून आणला आणि लोखंड कटाक्षाने टाळलं. मग त्यांनी जे केलं त्याचं मला फार कौतुक आहे. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि मगच कुलाब्याची उपकरणं थांबवली. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये.

गाणं ऐकायच्या यंत्रांची गोष्ट वेधशाळेपासून सुरू करण्याचं कारण हेच. जुनं आणि नवं शेजारी ठेवायचं, पारखायचं, मग जुन्याला निरोप द्यायचा, ही रीत घरातल्या सेटच्या वाट्याला या किनाऱ्यावर कधी आली नाही. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या घरांत कुठलं यंत्र येणार हे लाँचने ठरवलं, बॅटरीने ठरवलं, कस्टमच्या शिपायाने ठरवलं. ते किती टिकणार हे वाऱ्याने ठरवलं. कानाला कोणी विचारलं असेल तर ते अगदी अलीकडे.

पहिला आला फोनो. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गौहरजानचं गाणं मुद्रित करत होता, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकडी देशी झाली. तशी ती अर्धीमुर्धी देशी आधीपासून होतीच, कारण तिच्यातली लाख आपल्याच जंगलांतली. पुढे मुंबईतही १९३५ मध्ये ‘यंग इंडिया’च्या तबकड्या निघू लागल्या, त्यांत मराठी गाणी भरपूर.

तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात फोनो आला तो चाकरमान्यांच्या हातून. गिरणीत, गोदीत, पेढीवर नोकरी करणारा माणूस मुंबईच्या खोलीत नवं यंत्र घेई आणि जुनं शिमग्याला नाहीतर मे महिन्यात गावी आणी. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून पुढे बैलगाडी किंवा डोकं. कर्णा सोडवून वेगळा बांधायचा. पत्र्याचा कर्णा एकदा चेपला की आतून ठोकून सरळ करता येतो, पण पहिल्यासारखा बोलत नाही. म्हणूनच १९३०च्या दशकात बॅगेसारखा मिटणारा, हातात धरायचा ग्रामोफोन आला तेव्हा बोटीने जा-ये करणाऱ्या माणसाची मोठी सोय झाली.

हे यंत्र इथे शोभलं, कारण त्याला वीज लागत नव्हती. चावी भरायची, एक बाजू वाजवायची, पुन्हा चावी. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास. स्प्रिंग थकली की शेवटच्या अर्ध्या मिनिटात गवई खाली उतरू लागे आणि घरातलं कोणीतरी धावत जाऊन चावी फिरवी, तशी तान पुन्हा वर चढे. आवाज लहानमोठा करायचं बटण नव्हतं. ते काम पिन करी. जाड पिन मोठ्याने बोले, बारीक पिन हळू. पिना पोलादी, दोनशेच्या डबीत येत आणि दर बाजूला नवी पिन लावायची असा कंपनीचा दंडक. दंडक मुंबईत पाळला गेला असेल. गावात डबी पुरवून वापरायची असे, आणि खाऱ्या हवेत डबीचं झाकण नीट बसलं नाही तर पिनांवर तांबूस ठिपके येत. गंजलेली पिन तबकडीच्या रेघा किसून काढते. आजही जुन्या घरांतून निघालेल्या तबकड्या उजेडात तिरक्या धरल्या की काळ्या चकाकीत राखाडी पट्टे दिसतात. बहुतेक वेळा ते पट्टे गाण्याच्या सर्वांत आवडत्या जागी असतात. लोक तेवढाच भाग पुन्हा लावत, दुसरं काय!

जुन्या तबकड्यांना वाली मिळाला तो उशिरा. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था मुंबईत १९९० मध्ये निघाली. तोवर किती तबकड्यांवर माळ्यावरच्या घुशी नांदून गेल्या, याचा हिशेब नको.

रेडिओच्या बाबतीत समुद्राने उलटं वागून दाखवलं. यंत्र खाणारं हेच खारं पाणी मध्यम लहरींना मात्र वाट करून देतं. जमिनीपेक्षा समुद्राच्या पाण्यावरून त्या लहरी कमी झिजतात आणि लांब जातात. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. घाटावरच्या गावांना दिवसा जे खरखरत ऐकू यावं, ते मुरूडच्या किनाऱ्यावर स्वच्छ यावं असा हा निसर्गाचा हिशेब. अडचण होती ती विजेची. राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं आणि खेड्यांत खांब पोचायला त्यापुढची वर्षं लागली. तोवर व्हॉल्व्हचा रेडिओ चालवायचा तर नव्वद व्होल्टचा कोरड्या बॅटरीचा खोका लागे. तो महाग, आणि संपला की मुंबईहून आणायचा. त्यामुळे रेडिओ दिवसभर लावून ठेवायची गोष्ट नव्हती. पुणे केंद्राने १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू केलं, आठवड्याला एक गाणं, एकूण छप्पन्न. बॅटरी जपून वापरणाऱ्या घराला हे प्रमाण छान मानवणारं होतं.

त्या व्हॉल्व्हच्या पेटीबद्दल माझं एक मत आहे. घरगुती आवाजाची इथली खरी उंची तीच होती. लाकडी पेटी ऐसपैस, कागदी पडद्याचा सात-आठ इंची स्पीकर, आणि व्हॉल्व्हच्या उबेने पेटीचं आतलं अंग पावसाळ्यातही कोरडं. साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर आला, बॅटरीचा खर्च पडला, रेडिओ खांद्याला अडकवून होडीवर गेला. सगळ्यांनी याला सुधारणा म्हटलं आणि सोयीच्या दृष्टीने ती होतीच. पण तळहाताएवढ्या स्पीकरातून तंबोरा ऐकू येत नाही, डग्गा तर नाहीच. एका पिढीचा खर्ज गेला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तो परत आला आखातातून. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड भागातली माणसं, त्यांत कोकणी मुसलमान कुटुंबांतली पुष्कळ, कुवेत, दुबई, सौदीला कामाला गेली. परत येताना सामानात टू-इन-वन. रेडिओ आणि कॅसेट एकत्र, दोन बाजूंना दोन स्पीकर, वरती उचलायची मूठ. आयातीवर तेव्हा कडक बंधनं होती, जकात भारी. त्यामुळे जपानी यंत्राचे उघड रस्ते दोनच: आखातातला नातेवाईक, नाहीतर मुंबईत मनीष मार्केट. तिसरा रस्ता याच किनाऱ्यावर रात्रीच्या अंधारात उतरत असे. सोनं, घड्याळं, ट्रान्झिस्टर असा तो माल. गावात त्याबद्दल कोणी फार विचारत नसे आणि कोणी फार सांगतही नसे. १९७४ मध्ये कॉफेपोसा कायदा आला तो या धंद्यासाठीच.

टू-इन-वनच्या पाठीमागे एक लहानशी चकती असे, पेचकसाने फिरवायची. ११०, १२७, २२०, २४०. सौदीच्या काही भागांत तेव्हा १२७ व्होल्टची वीज होती. चकती तिथल्या आकड्यावर राहून गेली आणि घरी येऊन आनंदाच्या भरात प्लग लावला की आतून एक टक् आवाज आणि जळका वास. पाहुणे ओटीवर जमलेले, चहा चुलीवर, आणि यंत्र गेलेलं. ज्याचं वाचलं त्याच्यामागे गावच्या कमीजास्त होणाऱ्या विजेचं दुखणं लागे. मग स्टॅबिलायझर आला, आणि पुष्कळ घरांत सेटपेक्षा तोच मोठ्याने गुणगुणत असे.

कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली. आपल्याकडे तिने ऐंशीच्या दशकात घरं भरली. कोळीवाड्यांत तर हळदीच्या रात्रीला कॅसेटचा डेक म्हणजे पाहुण्यांइतकाच आवश्यक. वेसावकर आणि मंडळींची गाणी खाडीपलीकडून इकडे आली ती या डबीतून. पण कॅसेटला इथली हवा सोसली नाही. एका पावसाळ्यानंतर डबीच्या खिडकीतून पाहिलं तर तपकिरी फितीच्या कडेवर पांढरी बुरशी. ती फीत लावली की बुरशी हेडवर चढते आणि पुढची चांगली कॅसेटही घोगरी होते. आतला रबरी पट्टा सैल किंवा चिकट होतो, मग बाई पुरुषाच्या आवाजात गाऊ लागते.

याच काळात निवडीचं पहिलं खरं शिक्षण झालं, आणि ते झालं लॅमिंग्टन रोडवर. भडकमकर मार्ग हे त्याचं सरकारी नाव कोणी घेत नाही. तिथून सुटे भाग आणायचे, ओळखीच्या मेकॅनिककडून अॅम्प्लिफायर जोडून घ्यायचा, स्पीकर सुटे घ्यायचे आणि गावच्या सुताराकडून सागाची पेटी करून घ्यायची. सुताराला आवाजाचं गणित ठाऊक नव्हतं, पण लाकूड ठाऊक होतं. त्या पेट्या आजही उभ्या आहेत. त्यांच्याच वयाच्या भुशाच्या बोर्डाच्या कंपनीछाप पेट्या खालून फुगून पावासारख्या उसवल्या.

आणि पेट्यांपेक्षा वाईट गत झाली पडद्यांची. स्पीकरचा पडदा कडेला एका लवचीक कड्यावर तोललेला असतो. पूर्वी हे कडं कागदाचं किंवा कापडाचं, घड्या घातलेलं असे. सत्तरच्या दशकापासून चांगल्या, महागड्या स्पीकरांत ते फोमचं आलं, कारण फोममुळे पडदा मोकळा हलतो आणि लहान पेटीतूनही खर्ज निघतो. हा फोम दमट हवेत आतून कुजतो. कोरड्या गावात दहा-पंधरा वर्षं काढील, इथे त्याहून लवकर हात टेकतो. पुढची जाळी काढून कड्याला बोट लावलं की बोटावर काळं चिकट राळेसारखं काहीतरी येतं आणि कडं जागच्या जागी चुरतं. त्यानंतर स्पीकर फडफडतो. गंमत पाहा, साध्या कागदी कड्याचे स्वस्त स्पीकर तगले आणि ज्याने पोटाला चिमटा काढून भारीतला घेतला त्याचाच आधी गेला. मालकाला वाटतं अॅम्प्लिफायर बिघडला, आणि तो नवा अॅम्प्लिफायर घेतो.

१९९१ नंतर बाजार खुला झाला. सीडी आली, तिच्या भिंगावर खाऱ्या हवेचा पापुद्रा बसून ‘डिस्क घेत नाही’ ही तक्रार आली, होम थिएटरचे उंच सडपातळ खांब आले आणि गेले, ब्लूटूथचा डबा आला. ही यादी सगळीकडे सारखीच आहे.

इथली वेगळी गोष्ट अशी की, हवं ते यंत्र घेता येऊ लागलं नेमकं तेव्हाच घरं बदलली. जुनं घर कौलारू. जांभ्याच्या खडबडीत भिंती, सारवलेली जमीन, वर वासे, कौलांत फटी, ओटी-पडवी उघडी. अशा घरात आवाज अडकत नाही. थोडा भिंत पिते, थोडा कौलांतून जातो, उरलेला विखुरतो. मग स्लॅब पडला, गुळगुळीत टाइल्स आल्या, समुद्र दिसावा म्हणून भिंतभर काच आली. किहीम, आवास, सासवण्याच्या नव्या बंगल्यांत दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी संपल्यावर मागून बारीक झणझण ऐकू येते. तबल्याची प्रत्येक थाप हीच झणझण घेऊन येणार. दीड लाखाचा स्पीकर ती पुसू शकत नाही.

अमर बोस हा बंगाली बापाचा अमेरिकन मुलगा १९५६ मध्ये कागदावर उत्तम आकडे असलेला सेट घेऊन घरी गेला आणि आवाज ऐकून हिरमुसला. सभागृहात कानावर येणारा बहुतेक आवाज भिंतींवरून फिरून येतो, हे त्याने पुढे मोजून दाखवलं आणि १९६८ मध्ये नऊ स्पीकरांची पेटी काढली, त्यांतले आठ भिंतीकडे तोंड केलेले. ती पेटी चांगली की वाईट यावर भांडणं होतात. पण भिंतही वाजते, हे त्याचं म्हणणं पटायला काचेचा बंगला पुरेसा आहे.

म्हणून चौल-नागावकडचं कोणी विचारलं तर मी ब्रँड सांगत नाही. आधी जाजम आणि जाड पडदे, एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट. मग स्पीकर, आणि पैशातला मोठा वाटा त्यांच्यावर. कडं रबराचं, पेटी प्लायवुडची, एमडीएफची असेल तर मागची आणि तळची कडा रंगाने बंद केलेली. अॅम्प्लिफायर मध्यम चालेल, पण पावसाळ्यात तो रोज तासभर चालू ठेवायचा, ऐकायचं नसलं तरी. मागच्या पिना वर्षातून दोनदा पुसायच्या. सोनेरी दिसल्या तरी हिरव्या पडतात. सेट समुद्राकडच्या खिडकीखाली मांडायचा नाही, फोटो कितीही छान येत असला तरी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने कौलं उडवली तेव्हा खिडकीखालचेच सेट आधी भिजले.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. आता गाडीच्या मागच्या सीटवर बसून कमरेएवढे स्पीकरसुद्धा तासाभरात इकडे येतात. दुकानात ते ऐकलेले असतात गालिचा घातलेल्या, भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत. घ्यायचेच असतील तर जुना सेट लगेच भाच्याला देऊन टाकू नका. दोन्ही शेजारी मांडा, एकच गाणं दोन्हीवर लावा, आणि एक आख्खा पावसाळा जाऊ द्या.